काळजीची बारी

आमच्या साडूंइतका भित्रा मनुष्य जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत दुसरा नसावा. हे विधान मी अंदाजाने करीत नाही. माझी सारी नोकरी मोजणी खात्यात गेली. हा जिल्हा मी साखळीने आणि पायाने मोजलेला आहे. बांधावर कुऱ्हाड घेऊन उभे राहणारे मी पाहिले, कुऱ्हाड पाहून धोतर सावरीत पळणारेही पाहिले. परंतु रक्तदाबाचा पट्टा पाहून कडब्याच्या गंजीआड लपणारा साठी उलटलेला गृहस्थ मी एकच पाहिला. आणि तरीही, घरातल्या कोणाची तपासणी झाली आहे, नमुना गेला आहे आणि निकाल यायचा आहे, अशा दिवसांत सोबतीला बोलवावा असाही तोच एक गृहस्थ आहे. बोलवावा असे म्हणालो, ते चुकले. त्यांना कोणी बोलावीत नाही. ते येतात.

साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ती बहीण जाऊन काही वर्षे झाली. दुवा तुटल्यावर असली नाती बहुधा लग्नपत्रिकेपुरती उरतात. साडूंनी तसे होऊ दिले नाही. परतूरजवळच्या खेड्यात त्यांचे घर आहे, शेती मुले पाहतात, आणि साडू बाजाराच्या दिवशी परतूरला जाऊन कापसाचे भाव ऐकतात. विकायला काही नसते. तरी भाव पडला की हळहळतात आणि चढला की ज्याचा कापूस असेल त्याचे अभिनंदन करतात. अडतीवरच्या मोठ्या काट्यावर लोक गंमत म्हणून आपले वजन करून घेतात. साडू त्या काट्याला वळसा घालून जातात. एकदा मी कारण विचारले. ते म्हणाले, "कापसाला भाव असतो म्हून तोलायचा, साडूभाऊ. माझा काय भाव हाय? उगं आकडा कळायचा अन् जीव घाबरायचा." त्यांच्या गावी जनावरांना लस टोचायला डॉक्टर आले, तेव्हा बैलाची वेसण साडूंच्या हातात होती. सुई बैलाला टोचली आणि खाली साडू बसले. डॉक्टरांनी बैल सोडून त्यांच्या तोंडावर पाणी मारले. बैल कडबा खात राहिला. ही हकीकत साडू स्वतःच सांगतात, लाजत नाहीत, आणि शेवटी बैलाची बाजू अशी मांडतात की त्याला कोणी आधी सांगितले नव्हते म्हणून तो धीराचा ठरला.

असा हा मनुष्य दुसऱ्याच्या निकालाची वाट पाहण्यात मात्र तरबेज आहे. कोणाचे रक्त तपासायला गेले, कोणाच्या छातीचा फोटो निघाला, ही वार्ता त्यांना वाऱ्यावर कळते. परतूरच्या एका अडत्याच्या हृदयाची तपासणी झाली होती. त्याची आणि साडूंची ओळख नव्हती. साडू त्याच्या गादीवर जाऊन बसले. गिऱ्हाईक समजून त्याने चहा मागवला. दुसऱ्या दिवशी साडू पुन्हा आले तेव्हा त्याने चहा मागवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "आपलं काम काय हाय?" साडू म्हणाले, "काम तुमचं हाय. मी निस्ता बसून राह्यलो." निकाल चांगला आला. अडत्या पेढे घेऊन साडूंच्या गावी गेला, तर हे घरी नाहीत. एव्हाना शेलगावला कोणाच्या तरी मूतखड्याचा फोटो निघाला होता.

आमच्या घरी ते आले ते गेल्या एप्रिलात. पत्नीच्या गळ्याला गाठ दिसू लागली होती. नवीन जालन्यातल्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपली, सुईने त्यातले पाणी काढले आणि नमुना संभाजीनगरला तपासायला पाठवला. "आठ-दहा दिवस लागतील. रिपोर्ट मोबाईलवर येईल," ते म्हणाले. गाठ कॅन्सरची आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. तो शब्द खोलीत कोणी उच्चारला नाही, डॉक्टरांनीही नाही. परत येताना पत्नी रिक्षात म्हणाली, "पोराला कळवू नका. रिपोर्ट आल्यावर काय ते सांगू." मुलगा पुण्यात असतो. मी बरे म्हणालो. मस्तगडाजवळच्या आमच्या घरी आम्ही दोघेच असतो. त्या संध्याकाळी आम्ही जेवलो, भांडी झाली, आणि दूरदर्शनवरच्या बातम्या पाहिल्या. त्या बातम्यांत काय होते ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडूंना फोन करून तुरीचा भाव विचारला. त्यांनी भाव सांगितला. मी फोन ठेवला. त्याच्या दुसऱ्या सकाळी परतूरकडून येणाऱ्या पहिल्या गाडीने साडू दारात हजर. एका पिशवीत ज्वारीचे पीठ, एका डब्यात जवसाची चटणी, आणि काखेत स्वतःची उशी. चपला काढण्यापूर्वी त्यांनी विचारले, "कधी सांगितलंय?"

"काय कधी?" मी म्हणालो.

"रिपोर्ट."

"कसला रिपोर्ट? तुम्हाला कोणी सांगितले?"

"तुम्हीच. तुमच्याकडं तूर न्हाई. तुम्हाला तूर घ्यायची न्हाई. दिवाळी न्हाई, कोणाची मयत न्हाई, आन् तुम्ही फोन केला. मी तवाच पीठ बांधलं." मग आत पाहून हाक दिली, "अक्का, तुझं हाय का ह्यांचं?"

"माझं हाय, दाजी," पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली. गेल्या दोन दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदाच नेहमीच्या उंचीला गेला होता, हे माझ्या लक्षात आले.

मी फोन केला होता, हे खरे. तो तुरीच्या भावासाठीच होता, असे माझे म्हणणे मी अद्याप मागे घेतलेले नाही.

पाहुणा म्हणून साडू गैरसोयीचे नाहीत, परंतु त्यांचे कायदे कडक असतात. वाट पाहणाऱ्या घरात दोन वाक्ये बोलायची नाहीत: "काही होत नाही" आणि "आपल्या हातात काय आहे". पहिले वाक्य बोलणाऱ्याला काही माहीत नसते आणि दुसरे बोलणाऱ्याला उठून जायचे असते, असा त्यांचा अनुभव. तिसरा गुन्हा त्याहून मोठा. शेजारच्या बाई दुपारी बसायला आल्या आणि पत्नीच्या गळ्याकडे निरखून म्हणाल्या, "आमच्या नणंदेला बी बराबर असंच झाल्तं बघा. इथंच. एवढंच."

साडू ओसरीतून आत आले. "तुमच्या नणंदबाई जित्या हायेत का?"

"न्हाई ना. त्येच तर सांगून राह्यले…"

"मंग च्या घ्या आन् निघा, ताई. ज्यांची नणंद जिती आसंल त्यांना धाडून द्या."

मला हे असभ्य वाटले. बाई गेल्यावर मी तसे बोललोही. परंतु पत्नी पदर तोंडाला लावून हसत होती, आणि असभ्यपणाचा मुद्दा मला फार ताणता आला नाही. नवल असे की त्या बाई दुसऱ्या दिवशी खरोखरच एका वृद्धेला घेऊन आल्या. तिच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती आणि ती बाळगून तिने सात नातवंडांची लग्ने पाहिली होती. साडूंनी तिला दोनदा चहा दिला.

आता बारीची गोष्ट. परतूरकडे, आणि आमच्या मराठवाड्यात अन्यत्रही, सामाईक विहिरीचे पाणी भावाभावांत दिवसांनी वाटलेले असते. त्या वाटणीला बारी म्हणतात. ज्याची बारी त्याचे पाणी. बाकीच्यांनी त्या दिवशी मोटारीला हात लावायचा नाही, विहिरीत डोकवायचे नाही. बारी मोडून पाणी घेणे हा शेजारधर्मातला अक्षम्य अपराध. त्यापायी फुटलेली डोकी मी मोजणीच्या निमित्ताने पुष्कळ पाहिली आहेत. साडू चार भावांतले. त्यांचे आयुष्य बारीवर गेले. आल्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी ओसरीतल्या वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवून प्रस्ताव मांडला की या घरातली काळजी आजपासून बारीने करायची.

"साडूभाऊ, इचार करा. चौघांनी एकदम मोटारी लावल्या तर काय व्हतं? विहिरीत गाळ राहतो, भिजत कोणाचंच न्हाई. घरात समदे एकदम काळजी करून राह्यले की तसंच. अर्धा दिवस तुमचा, अर्धा माझा. ज्याची बारी त्यानं खुर्चीत बसायचं, फोन जवळ ठिवायचा, आन् मन लावून काळजी करायची. ज्याची बारी न्हाई त्यानं बिलकुल करायची न्हाई. खायचं, झोपायचं, बाजारात जायचं."

"काळजी ही वाटून देता येण्यासारखी वस्तू नाही," मी म्हणालो.

"तुम्ही जन्मभर लोकाच्या जिमिनी वाटून देल्या. त्या कुठं वाटता येण्यासारख्या व्हत्या?"

वाटणी झाली. सकाळ माझी, दुपार त्यांची. ही वाटणी करताना आम्ही दोघांनी एक चूक केली, आणि तशी चूक मोजणी खाते व शेतकरी एकत्र आल्याखेरीज घडत नाही. पत्नी हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. तिने सगळे ऐकले होते.

"गाठ माझ्या गळ्यात, आन् बाऱ्या तुम्ही दोघांत वाटून घेतल्या?"

साडूंनी माझ्याकडे पाहिले, मी साडूंकडे.

"सातबाऱ्यावर बाईचं नाव असंच गळतं बघा. ध्यानातच राहत न्हाई कोणाच्या. माझा हिस्सा काढा."

साडूंनी ताबडतोब कान पकडले. नवी वाटणी झाली. सकाळ पत्नीची, दुपार साडूंची, संध्याकाळ माझी. पत्नीने हिस्सा घेतला आणि वर बजावले, "माझ्या बारीत मी काळजी करीन न्हाईतर पाणी वाहू दीन. कोणी इचारायचं न्हाई." तिने खुर्चीत एक दिवसही बूड टेकले नाही. आपल्या पहिल्याच बारीत तिने कुरडयांसाठी गहू भिजत घातला. हा गहू तीन दिवस भिजतो, मग वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा, आणि उन्हात घालायच्या. मी म्हणालो, या दिवसांत हा उपद्व्याप कशाला? ती म्हणाली, "मरणारी बाई कुरडयाला गहू भिजत घालीत न्हाई. एवढं तुम्हा दोघांना कळलं तरी लई झालं." मरण हा शब्द घरात त्यावेळी प्रथमच उच्चारला गेला, आणि काही कोसळले नाही. चौथ्या दिवशी सकाळी गच्चीवर सोऱ्या फिरवायला आम्ही दोघे होतो. साडूंची कुरडई नागमोडी ओढ्यासारखी जाई. माझी चौकोनी येई. पत्नीने दोन्हींकडे पाहून सांगितले की या पाहुण्यांना वाढता येणार नाहीत, घरातच खाव्या लागतील, तेव्हा खायला सगळ्यांनी राहायचे आहे.

बारीच्या कायद्यात आणखी एक कलम होते. आपली बारी नसताना काळजी उपटली तर ती आपल्यापाशी ठेवायची नाही. ज्याची बारी त्याच्याकडे नेऊन द्यायची. पत्नी हे फार सहज करी. दुपारी ती ओसरीत येऊन सांगे, "दाजी, गिळताना दुखल्यावाणी वाटलं. ही घ्या." साडू मान डोलवत, "ठिव हितं," असे म्हणून डोळे मिटून घेत आणि खरोखरच ते दुखणे आपल्या गळ्यात असल्यासारखा आवंढा गिळत. पत्नी आत जाऊन झोपे. मला हे जमणारे नव्हते. तरी एका दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"काय हाय, साडूभाऊ?"

"काही नाही."

"बरं. ठिवून जा."

मी आत गेलो. त्या दुपारी मला झोप लागली. नोकरीत असल्यापासून मी दुपारी कधी झोपलेलो नाही.

माझ्या स्वतःच्या बारीवर साडूंची देखरेख असे. संध्याकाळी मी खुर्चीत ताठ बसलेलो असे, तर ते दारातून डोकावून विचारीत, "नीट करून राह्यले ना? का निस्तंच बसलात?" मी नीट करीत होतो. ती कशी करीत होतो हे लिहिण्याचे कारण नाही. एवढे सांगतो की घरात चहाची साखर कुठल्या डब्यात असते हे मला माहीत नव्हते, आणि त्या संध्याकाळी खुर्चीत बसल्याबसल्या मला ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत असे.

रिपोर्ट आला तो दिवस साडूंमुळे लांबला. दुपारी ऊन ओसरीतून पाठ फिरवी, तेव्हा त्यांची बारी संपून माझी सुरू होई; आम्हाला घड्याळाची गरज नव्हती. त्या दिवशी ऊन केव्हाच गेले. साडू उठेनात. मी दोनदा येऊन गेलो. तिसऱ्यांदा म्हणालो, "बारी माझी आहे."

"आजून जरा हाय माझी," ते म्हणाले.

"ऊन गेले."

"ढग आल्तं मधी. तेवढं धरा."

एप्रिलातले आकाश कोरडे ठणठणीत होते. विहिरीवर असले बहाणे मी खूप ऐकले आहेत. बहाणा करणाऱ्याची मोटार चालू असते. मी त्यांच्याकडे नीट पाहिले. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरून छातीशी घेतला होता, पाखरू धरतात तसा.

"साडू," मी म्हणालो, "फोन द्या."

ते ओसरीच्या फरशीकडे पाहून म्हणाले, "आलाय. अक्काची बारी सरली आन् मी हितं बसलो, तवाच वाजला. त्या लॅबवाल्याच्या पाटीवरचं चित्र फोनवर दिसून राह्यलं. उघडला न्हाई."

मला राग आला, हे मी लपवीत नाही. साऱ्या आयुष्यात मी दुसऱ्याच्या कागदावर एक तासही बसून राहिलेलो नाही. मी काहीतरी कठोर बोलणार होतो. साडू बोलत राहिले, खाली पाहूनच.

"तिच्या येळंला मी एकटाच गेल्तो रिपोर्ट आणायला. कोणाला सांगितलंच नव्हतं, तुम्हाला बी न्हाई, अक्काला बी न्हाई. म्हणलं, काय निघायचं न्हाई, उगं कशाला. तिथंच पायरीवर बसून पाकीट फोडलं. मला इंग्रजी येत न्हाई, म्हून तिथल्या माणसाला इचारलं. त्यानं सांगितलं. मंग गाडीत बसलो. घरी आलो तर ती भाकरी थापून राह्यल्ती. म्हणली, लवकर आलात, बसा, गरम हाय. तिला काय बी म्हाईत न्हाई, आन् मला समदं म्हाईत. सारी विहीर एकट्यानं उपसली, साडूभाऊ. तवापासून वाटतं, कागद फोडला न्हाई तवर माणूस बरं असतं. म्हणलं अक्काला आजची दुपार झोपू द्यावं."

अशा वेळी लोक खांद्यावर हात ठेवतात. मी खुर्चीच्या दांडीवर ठेवला. दांडी त्यांच्या खांद्याच्या बरीच जवळ होती.

"मी झोपले नव्हते," मागून आवाज आला. पत्नी उंबऱ्यात उभी होती. "दुपारपासनं दाजी च्या मागंनात, तवाच वळखलं. द्या इकडं फोन. माझ्या वाट्याचं पाणी अडवून बसलात व्हय?" तिने फोन घेतला, रिपोर्ट उघडला, क्षणभर पाहिला आणि माझ्या हातात दिला. "मला वाचता येत न्हाई म्हून मला भ्या न्हाई. वाचा तुम्ही."

मी चष्मा लावला. इंग्रजी बरेच होते आणि त्यातले थोडे मला समजले. ज्या शब्दाला आम्ही भीत होतो तो त्यात कुठेही नव्हता. परंतु नसलेल्या खुणेवरून मी आजवर कोणाची हद्द कायम केलेली नाही. म्हणालो, "डॉक्टरांकडे जाऊ. आत्ताच."

दवाखान्यात गर्दी होती. आमचे नाव पुकारले तेव्हा आम्ही तिघेही आत गेलो. एकालाच आत घेण्याचा तिथला नियम होता, पण साडूंच्या चेहऱ्याकडे पाहून रुग्ण कोण याचा उलगडा दारावरच्या परिचारिकेला बहुधा झाला नसावा. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि हसले.

"साधी गाठ आहे, आजी. काही वाईट नाही. सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी करून बघू, वाढली तर बघू. आत्ता गोळीसुद्धा नको."

"डॉक्टरसाहेब," साडू म्हणाले, "मराठीत सांगा."

"मराठीतच सांगितलं ना, बाबा."

"मंग परत एकदा सांगा."

डॉक्टरांनी परत सांगितले.

"बिलकुल साधी?"

"बिलकुल साधी."

साडूंनी डॉक्टरांना हात जोडले, भिंतीवरच्या कानाच्या चित्राला हात जोडले, आणि रक्तदाबाचा पट्टा टेबलावर दिसताच घाईने बाहेर पडले. पत्नीने पदर सारखा केला. माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोराला आता कळवा." मी मान हलवली. मुलाचा नंबर मला पाठ आहे. त्या वेळी पहिले दोन आकडेच आठवेनात, म्हणून फोन तिच्याकडे दिला.

बाहेर आलो तर साडू दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेले. शेजारी तिशीची एक बाई होती, मांडीवर फाईल, पदर डोक्यावरून ओढून घेतलेला. मंठ्याकडची, असे साडूंनी आम्हाला हळूच सांगितले. नवऱ्याच्या मानेतला नमुना आत्ताच काढला, नवरा आत पडून आहे, आणि हिला आठ दिवसांची मुदत मिळाली आहे. आमचे सगळे ठीक झाल्याचे तिला कळू नये अशा बेताने ते बोलत होते.

"चला," मी म्हणालो. "रिक्षा थांबली आहे."

"तुम्ही व्हा फुडं. मी येतो," ते म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "घरात किती जण हायेत, बाई?"

"मी, हे, आन् सासू," ती म्हणाली.

"मंग तीन बाऱ्या व्हतेत. सासूला सकाळची देऊ नगं, दिवस खराब करंल…"

ती बाई त्यांच्याकडे पाहत राहिली. हा माणूस वेडा आहे की काय, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. वाजवी प्रश्न होता.

आम्ही रिक्षात बसलो. रिक्षा वळली. पत्नी मागे पाहत होती. मोंढ्याच्या रस्त्याला लागण्यापूर्वीच तिने रिक्षावाल्याच्या खांद्याला बोट लावले.

"थांबव, बाबा."

"आत्ता तर बसलात, आजी!"

"त्या पोरीला गाठीचं काय ते दाजी सांगून राह्यले. त्यांना कुठं गाठ झाल्ती?" ती मला म्हणाली. "सुई टोचल्यावर रातभर मान ठणकते, कापड गरम करून लावायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंय? निस्तं भिववून ठिवतील तिला." आणि ती उतरली. चपला वाजवीत ती आल्या वाटेने चालू लागली आणि तिने मागे वळून पाहिले नाही. गेल्या कित्येक दिवसांत मी तिला एवढ्या झपाट्याने चालताना पाहिले नव्हते.

रिक्षावाला माझ्याकडे पाहू लागला. मीही उतरलो आणि त्याला जायला सांगितले.

मी पोचलो तेव्हा पत्नी त्या बाईच्या डाव्या अंगाला बसून स्वतःच्या गळ्यावरचा पदर बाजूला करून दाखवीत होती, आणि ती बाई वाकून पाहत होती. पायरी दिवसभराच्या उन्हाने तापलेली होती. सार्वजनिक ठिकाणी पायरीवर बसण्याची मला सवय नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो. साडूंनी माझ्याकडे पाहिले नाही. बोलता बोलताच ते थोडे सरकले आणि शेजारी एका माणसापुरती जागा झाली.